घास उतरेपर्यंत

बापूंच्या घरच्यांना वॉर्डातल्या परिचारिका 'बाजार' म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. भेटीची वेळ झाली की आधी जिन्यातून आवाज यायचा आणि मग माणसं. बापूंची बायको माई, थोरली बहीण आत्या, मुलगा आणि सून, एवढी चारच माणसं. पण चौघंही एकाच वेळी बोलायची आणि वर एकमेकांचं ऐकायचीही, हे त्यातलं नवल. सून लग्न होऊन आली तेव्हा म्हणे मितभाषी होती. वर्षभरात तीही कामातून गेली.

या बाजाराचे मुख्य व्यापारी खुद्द बापू. जुन्या घरांतल्या सामानाचे लिलाव पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता. तीन पायांच्या खुर्चीचं ते असं वर्णन करायचे की घेणाऱ्याला चौथ्या पायाची आठवणच राहू नये. असा माणूस एका सकाळी दाढी करता करता आरशासमोरच खाली बसला, आणि शुद्धीवर आला तो उजवा हात, उजवा गाल आणि बोलणं गमावून. डोकं शाबूत होतं, समोरच्याचं सगळं कळत होतं. शब्द मात्र जाडेभरडे आणि एकेकटेच बाहेर पडायचे. त्याहून वाईट म्हणजे पाण्याचा घोट घेतला की ठसका लागायचा, म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती आणि दूध, सूप सगळं तिच्यातूनच जायचं.

पक्षाघाताच्या झटक्यातून उठलेल्या माणसांचं गिळणं तपासणं हे जिचं काम, तिला सगळं हॉस्पिटल 'घसाताई' म्हणायचं. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तरी कुणाला आठवत असेल की नाही कोण जाणे. ती पहिल्यांदा बापूंच्या खाटेशी आली तेव्हा बाजार भरलेलाच होता. तिनं चौघांना नम्रपणे बाहेर काढलं, पडदा ओढला आणि बापूंना ताठ बसवलं.

"घाबरायचं नाही. मी फक्त हात लावून बघणार आहे," ती म्हणाली.

तिनं एक बोट त्यांच्या हनुवटीखाली ठेवलं, बाकीची तीन गळ्यावर. मग चमचाभर पाणी दिलं. गळ्यातली घाटी तिच्या बोटांखाली वर सरकली पाहिजे. ती सरकली, पण उशिरा, आणि अर्धवट.

"आता 'आ' म्हणा."

बापू 'आ' म्हणाले. आवाज ओला आला, पाण्याखालून यावा तसा. घसाताईचं सगळं शास्त्र या एका 'आ' मध्ये होतं. गिळल्यानंतर आवाज कोरडा, स्वच्छ आला तर घास पोटाच्या वाटेनं गेला असं साधारण समजायचं. आवाज ओला आला म्हणजे थोडंसं श्वासनळीच्या तोंडाशी रेंगाळतंय आणि छातीत उतरायची वाट बघतंय.

घसाताई स्वतः फार बोलणारी नव्हती. दिवसभर लोकांच्या गळ्यांचं ऐकायचं तर आपलं तोंड बंद ठेवावं लागतं, असं ती म्हणायची. दुपारचं जेवणही ती आपल्या छोट्या खोलीत दार लावून एकटी जेवायची, आणि ते तिला आवडायचं. तिनं बापूंकडून रोज व्यायाम करून घेतले. जीभ टाळूला दाबा, घाटी वर उचलून धरा, जोरात गिळा. बापूंनी ते नेमानं केले. घाटी हळूहळू वर जायला लागली, तशी तिनं त्यांना एक्स-रेच्या खोलीत नेलं.

ही तपासणी म्हणजे गिळण्याचा चालता-बोलता एक्स-रे. दह्यात एक पांढरं औषध कालवून द्यायचं. ते एक्स-रेमध्ये ठळक दिसतं, त्यामुळे घास तोंडातून कुठं कुठं जातो ते पडद्यावर पाहता येतं. खोलीत ती, यंत्रावरचा तंत्रज्ञ आणि बापू, एवढेच. यंत्राची घरघर सोडली तर सगळं चिडीचूप. दही व्यवस्थित उतरलं. दुसऱ्यांदा उतरलं, तिसऱ्यांदाही उतरलं. पातळ पाणी अजून नको, पण दही, कुस्करलेलं केळं, मऊ बटाटा चालेल, असं तिनं डॉक्टरांना कळवलं. नाकातली नळी निघाली, आणि माईंनी अख्ख्या वॉर्डाला दोनदा ही बातमी सांगितली.

त्याच संध्याकाळी बापू निळे पडले.

माई दही भरवत होत्या, सगळे भोवती होते, आणि मधल्याच एका चमच्याला बापूंचा श्वास अडकला. वॉर्डच्या सिस्टरनं धावत येऊन यंत्रानं घशात अडकलेलं उपसून काढलं म्हणून निभावलं. सकाळी अंगात ताप होता, छातीत घरघर होती, आणि नाकात पुन्हा नळी होती.

"तुमच्या एक्स-रेवर मी विसंबलो," डॉक्टर घसाताईला म्हणाले. ते रागावले नव्हते, आणि ते तिला जास्त लागलं. मग ते माईंकडे वळले. "नाकातली नळी अशी महिनोन्‌महिने ठेवता येत नाही. ताप उतरला की सोमवारी पोटाला भोक पाडून तिथून नळी घालू. तोंडानं मात्र काही द्यायचं नाही. पुन्हा छातीत गेलं तर जिवावर बेतेल."

"काहीच नाही?" माईंनी विचारलं. "आणि किती दिवस?"

"ते आज नाही सांगता येणार. त्यांचं वय बघता, कदाचित कायमचंच."

बापूंना सगळं कळत होतं. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. त्या दिवशी बाजार उठला तो आवाज न करता.

 घसाताईनं एक्स-रेची ती फिल्म पुन्हा पुन्हा पाहिली. चूक सापडेना. घास वेळेवर निघत होता, श्वासनळीचं दार वेळेवर लागत होतं. मग संध्याकाळी असं काय झालं, जे सकाळी झालं नव्हतं? ताप उतरल्यावर ती डॉक्टरांकडे गेली.

"मला त्यांना त्यांच्या जेवणाच्या वेळी बघू द्या. घरच्यांसकट. दोन-चार चमचे फक्त, माझ्या हाताखाली."

"उपसायचं यंत्र शेजारी ठेवा," डॉक्टर म्हणाले. "आणि सोमवार काही बदललेला नाही."

ती बापूंच्या उजव्या बाजूला बसली, बोटं गळ्यावर ठेवून. घरच्यांना म्हणाली, "मी इथं नाहीच असं समजा. त्या दिवशी जसं होतं तसंच." हे त्यांना सांगायची गरजच नव्हती. दोन मिनिटांत मुलानं कुठल्याशा जुन्या लिलावातल्या घड्याळाची गोष्ट काढली. ते भिंतीवरचं होतं, असं तो म्हणाला. टेबलावरचं होतं, असं आत्या म्हणाली. सून तर त्या वेळी घरात आलीही नव्हती, तरी तीही छातीठोकपणे म्हणाली की भिंतीवरचंच. माईंनी भांडता भांडता चमचा भरला आणि बापूंच्या तोंडात घातला.

खरं काय ते बापूंनाच ठाऊक होतं. आयुष्यभर अशा भांडणांचा निकाल त्यांनीच लावला होता. घास घशाशी पोचला, घाटी वर उचलायच्या बेतात आली, आणि नेमक्या त्याच क्षणी त्यांच्या छातीनं बोलण्यासाठी श्वास आत ओढला. घसाताईला ते बोटांखाली स्पष्ट जाणवलं. तिनं झटकन त्यांना पुढं वाकवलं. "खोका. जोरात. आणखी." ती तयारीत होती म्हणून घास बाहेर आला, आणि बापूंनी घामेजल्या चेहऱ्यानं कसाबसा एक शब्द काढला.

"टेबल."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" आत्या म्हणाली, आणि दुसऱ्याच क्षणी तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

घसाताईनं त्यांना समजावून सांगितलं. घास गिळताना आपण सगळेच अधूनमधून बोलायला जातो. आपला घसा बिचारा धावपळ करून वेळेत दार लावून घेतो, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बापूंचं दार आता सावकाश लागतं. एक्स-रेच्या खोलीत ज्याला उत्तर द्यावं असं कुणी बोलत नव्हतं, म्हणून तिथं सगळं सुरळीत झालं.

"मग आता काय करायचं?" मुलानं विचारलं.

"सोपं आहे. ते जेवताना कुणी बोलायचं नाही."

चौघांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिनं त्यांना श्वास न घेता राहायला सांगितलं होतं. पण दुसऱ्या दिवशी चौघं आले ते तोंडाला कुलूप लावूनच. माईंनी चमचा पुढं केला. आत्या मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. घसाताईला मनातून बरं वाटलं. तिला हवं होतं तसंच सगळं होतं, अगदी तिच्या दार लावलेल्या खोलीसारखं.

बापूंनी तोंड उघडलं नाही. त्यांनी माईंकडे पाहिलं, मग आत्याकडे, मग मुलाकडे, मग सुनेकडे. त्यांचा चांगला डावा हात चादर चाचपायला लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"कोण," ते मोठ्या कष्टानं म्हणाले. मग पुन्हा, "कोण गेलं?"

घसाताईला काही उमजेना. माई तिला बाजूला घेऊन गेल्या.

"आमच्यात जेवताना कुणी गप्प बसत नाही हो ताई. माझे सासरे गेले, त्या दिवशी बसलो होतो. नाहीतर मग फार मोठं भांडण झालं तर. गप्प पान म्हणजे काहीतरी वाईटच."

"त्यांना सांगा ना, की असं काही नाही म्हणून."

सांगितलं. बापूंना पटलंही, त्यांनी मान हलवली. पण चमचा जवळ आला, सगळे पुन्हा गप्प झाले, आणि त्यांचे ओठ आपोआप मिटले. कळत होतं, पण तोंड उघडत नव्हतं. जन्मभराची सवय समजुतीला कसली जुमानते. घसाताईनं हात टेकले. बोललं तर घास छातीत जातो, आणि गप्प बसलं तर तो तोंडातच जात नाही. सोमवार दोन दिवसांवर आला होता.

तिच्याकडे आता दाखवण्यासारखं एकच उरलं होतं. तिनं चौघांना आपल्या खोलीत बोलावलं. चार माणसं त्या खोलीत मावत नव्हती, म्हणून सून टेबलावर टेकली. घसाताईनं फिल्म लावली. पडद्यावर बापूंचं डोकं बाजूनं दिसायला लागलं. राखाडी कवटी, दात, मानेचे मणके.

"हेच का ते डोकं," आत्या म्हणाली. "मला वाटलं होतं आत काहीतरी असेल."

"दात मात्र अजून दणकट आहेत," मुलगा म्हणाला.

"हा काळा बोगदा दिसतोय, तो श्वासाचा," घसाताई म्हणाली. "अन्नाची वाट त्याच्या मागं. मिटलेली असते म्हणून दिसत नाही. आता बघा. मी अगदी हळू चालवते."

दह्याचा पांढरा गोळा जिभेवर आला. जीभ पुढून मागं लाटेसारखी उठली. टाळूचा मागचा भाग वर जाऊन नाकाची वाट बंद झाली. घाटी आपल्या हाडासकट वर आणि पुढं झेपावली, बोगद्यावरचं झाकण पडलं, आणि काळा बोगदा दिसेनासा झाला. त्या क्षणी मागची मिटलेली वाट आपणहून उघडली आणि पांढरा गोळा तिच्यातून खाली गेला. मग झाकण उठलं. बोगदा पुन्हा काळा झाला. श्वास सुरू झाला.

 घसाताईनं ही फिल्म इतक्यांदा पाहिली होती, पण आज चौघांच्या चेहऱ्यांकडे बघताना तिच्याही अंगावर काटा आला. कुणी शिकवलेलं नाही, कुणी हुकूम देत नाही, आणि तरी हे सगळं पापणी लवावी इतक्या वेळात, ठरलेल्या क्रमानं, एकाचाही पाय दुसऱ्यावर न पडता होतं. तान्ह्या बाळाचं होतं, राजाचं होतं, रंकाचं होतं.

"हे माझ्याही घशात होतं?" माईंनी अगदी हलक्या आवाजात विचारलं.

"प्रत्येक घासाला. झोपेत लाळ गिळता तेव्हासुद्धा."

"आणि मी इतकी वर्षं यांना भरभरून वाढत होते," माई म्हणाल्या, "मला वाटायचं जेवण म्हणजे माझंच काम." त्यांनी आपला हात गळ्याशी नेला, एकदा गिळून पाहिलं, आणि तिथंच ठेवला.

आत्या पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. "पुन्हा दाखव. ते झाकण पडतं तिथं थांब." घसाताई थांबली. "म्हणजे घास जाताना तो स्वतःसुद्धा श्वास रोखून गप्पच असतो."

"हो. तेवढा वेळ."

"मग आपणही तेवढाच वेळ गप्प बसायचं," आत्या म्हणाली. "अख्खं जेवण कशाला गप्प? झाकण पडलं की थांबायचं, उठलं की जिथं थांबलो तिथून पुढं. वाक्य अर्धं तर अर्धं."

 पुस्तकात लिहिलं होतं की जेवताना शांतता ठेवावी, आणि घसाताईनं ते डोळे मिटून सांगितलं होतं. शांतता किती मापाची, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी बापूंसमोर सराव केला, आधी रिकाम्या चमच्यानं. पहिल्यांदा नुसता गोंधळ. मुलगा थांबायचा तर सून बोलायची, माई स्वतःच्याच वाक्याला अडखळायच्या. बापू हसले, आणि हसताना तोंडात काही नव्हतं म्हणून तिनं हसू दिलं. मग खरं दही आलं. माई चमचा उचलायच्या, घसाताई बोटांनी गळा ऐकायची, चौघं बापूंच्या घाटीकडे डोळे लावायचे. रविवारी दुपारपर्यंत त्यांना ते जमायला लागलं होतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर आले ते घाईतच. ऑपरेशनची खोली तयार होती. ते दाराशीच उभे राहिले. घसाताईनं फक्त पाच मिनिटं मागितली.

आत्यानं गोष्ट सुरू केली, अशी की जणू डॉक्टर तिथं नव्हतेच.

"तो एका म्हाताऱ्याच्या घरचा लिलाव होता. म्हाताऱ्याचं घर मुलांनी काढलं होतं विकायला, आणि त्याचा जीव एका मोठ्या लाकडी कपाटात. बापूनं सगळं सामान पुकारलं, कपाट शेवटी ठेवलं. म्हणाला, या कपाटाला—"

माईंचा चमचा ओठांशी लागला. आत्या तिथंच थांबली, तोंड अर्धं उघडं ठेवून. मुलाचा हात हवेत होता तो हवेतच राहिला. सुनेनं पापणी हलवली नाही. बापूंची घाटी वर गेली, क्षणभर राहिली, खाली आली. नाकातून श्वास बाहेर पडला.

"आ," बापू म्हणाले. कोरडा आवाज.

"—या कपाटाला जो बोली लावत नाही त्यानं घर बांधूच नये," आत्या पुढं म्हणाली. "लोक पेटले. एकवार, दोनवार, तीनवार झालं. चार हमाल आले कपाट उचलायला, तर ते—"

पुन्हा चमचा. पुन्हा ते चौघं पुतळे. घसाताईनं आयुष्यात इतकी शांत माणसं पाहिली नव्हती. ही काही तिच्या खोलीतली शांतता नव्हती. तिथं कुणी नसायचं म्हणून आवाज नसायचा. इथं चार माणसांनी आपापलं बोलणं ओठांवर उचलून धरलं होतं, एका माणसाच्या घशातलं दार लागावं म्हणून. 

"आ." कोरडा.

"—तर ते जागचं हलेना. हमालांच्या नाकी नऊ आले. बापू म्हणाला, थांबा, आत काही राहिलंय का बघू. त्यानं किल्ली फिरवली, दार उघडलं, आणि बघतो तर आत—"

माईंनी दह्याचा भरलेला चमचा दिला. आत्याचं वाक्य हवेत लटकलं. डॉक्टर एव्हाना दारातून आत आले होते, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण कोपरावर उठून बसला होता. सिस्टरच्या हातातला ट्रे तसाच होता. सगळे एका गळ्याकडे बघत होते. घाटी वर गेली. झाकण पडलं असणार, बोगदा मिटला असणार, मागची वाट उघडली असणार. घसाताईला ते सगळं बोटांखाली दिसत होतं. घाटी खाली आली. श्वास बाहेर आला.

आता 'आ' यायचा होता. तो आला नाही. बापूंनी वाकड्या ओठांनी एकदा सगळ्यांकडे पाहिलं, थोडा वेळ घेतला, लिलावात शेवटच्या बोलीआधी घेत असत तेवढाच.

"मालक," ते म्हणाले.

शब्द जाड होता, पण आवाज कोरडा ठणठणीत होता. पाण्याचा थेंब नव्हता त्यात. वॉर्डात हशा पिकला. माई हसता हसता डोळे पुसत होत्या. डॉक्टरांनी बापूंच्या छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं, पाठीला लावून ऐकलं, मग तो कानातून काढून गळ्यात टाकला.

"सिस्टर, ऑपरेशनच्या खोलीला कळवा की आजची पोटातली नळी रद्द," ते म्हणाले. "यांना तोंडानंच द्या. असंच, यांच्याच माणसांच्या हातून."

मग जायला वळले, आणि पुन्हा थांबले. "पण तो म्हातारा आत का बसला होता? आणि कपाट शेवटी कुणाला—"

माईंनी पुढचा चमचा उचलला, आणि डॉक्टर तिथंच गप्प झाले.